न उघडलेली यादी

मशीनकाकांचा एक हट्ट होता. शिलाई मशीन उघडून बघितल्याशिवाय त्याचा दोष सांगायचा नाही. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, "दोरा तुटतोय, शटल गेलं असणार." काका म्हणायचे, "तुम्हालाच कळतंय तर माझ्याकडे कशाला आलात?" मग ते मशीनला पुठ्ठ्याचं लेबल बांधायचे. वर मालकाचं नाव, खाली ‘दोष’ आणि त्यापुढे रिकामी जागा. ती जागा मशीन उघडल्यावरच भरायची. मी शेजारी टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. वीस वर्षं हा प्रकार बघतेय.

त्यांची वेबसाइटही मीच करून दिली. टाका का सुटतो, सुई उलटी बसली तर काय होतं, असलं सगळं ते कागदावर लिहून आणायचे आणि मी टाइप करायचे. लोक वाचायचे, लांबलांबून मशीनं यायची. काकू वारल्या, मुलगीही घर सोडून गेली, त्यानंतर काका बोलायचे ते त्या साइटवरच. मुलीचं नाव त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा ते भर दुकानात ओरडले होते, "आजपासून तुझा माझा काही संबंध नाही." आमच्या दोघांच्या दुकानांत एकच भिंत, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला. त्याला सात वर्षं झाली.

यंदा ती साइट शोधून सापडेनाशी झाली. मशीनं यायची थांबली. काका रोज येऊन विचारायचे, "आज तरी दिसतेय का हो?" आपल्या साइटला कुठून कुठून लिंक दिल्यात, याची यादी काढता येते. ती मी काढली आणि कपाळावर हात मारला. एकशे चाळीस नावं! जुगाराच्या साइट, भोंदू औषधांच्या, काही तर तोंडाने नाव घेऊ नये अशा. कोणीतरी गावचा कचरा आमच्या दारात आणून ओतला होता. अशा संगतीने साइट मागे पडते, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

"एकेक उघडून बघू या," मी म्हणाले. पहिलीच उघडली ती नेमकी नको तसली, आणि मागे शाळेच्या बाई दाखल्याची झेरॉक्स घ्यायला उभ्या. काका लालबुंद झाले.

"बंद करा आधी! शितावरून भाताची परीक्षा झाली. सगळ्यांना पत्र धाडा."

"सगळ्यांना?"

"सरसकट!"

मजकूर त्यांनीच सांगितला. ‘आपल्या लिंकमुळे आमचं नाव खराब होत आहे. आमचा आपल्याशी काही संबंध नाही. लिंक ताबडतोब काढावी.’ खाली त्यांचं नाव. मीही अतिशहाणी. यादीवर नजरसुद्धा न फिरवता एका दमात एकशे चाळीस पत्रं ईमेलने पाठवून मोकळी झाले.

निम्मी पत्रं परत आली. बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी एकच उत्तर आलं: ‘आपल्या सांगण्याप्रमाणे लिंक काढली आहे. त्रास झाला, माफ करा.’

"घ्या काका, एक तरी सज्जन निघाला!"

"बघू तरी कोण आहे," काका म्हणाले.

कपडे शिवून देणाऱ्या एका बाईची साधीशी साइट होती. फोटोत ओळीने चार मशीनं, आणि प्रत्येकाला बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. खाली लिहिलं होतं, ‘मशीन दुरुस्ती मी वडिलांच्या दुकानात शिकले. त्यांनी लिहिलेलं सगळं इथे वाचा.’ मी ‘इथे’वर दाबलं. काहीच उघडलं नाही. नुसता शब्द उरला होता.

यादीत तारीख बघितली. लिंक सहा वर्षांपूर्वीची होती. काका लिहीत होते, ती तिकडे बसून वाचत होती, आणि आम्ही दोघांनी तिला जुगाऱ्यांच्या रांगेत उभं करून हाकललं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की काकांकडे बघवेना.

"पत्रात काय लिहिलं होतं आपण? वाचा परत."

मी वाचायला लागले. दुसऱ्या वाक्यावर ते म्हणाले, "पुरे."

तिच्या साइटवरचा फोन नंबर त्यांनी एका लेबलवर उतरवून घेतला. वर लिहिलं, ‘मुलगी’. ते लेबल तीन दिवस त्यांच्या टेबलावर पडून होतं, दोषापुढची जागा तशीच कोरी. तिसऱ्या दिवशी मी चिडलेच. "काका, माणसाला गंज चढल्यावर तेल घालून उपयोग नाही. फोन लावा!"

ते लेबल घेऊन माझ्या दुकानात आले. दोषापुढे लिहिलं होतं, ‘माझा’. नंबर मीच लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. समोरचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता.

"हॅलो?"

"मी बोलतोय," काका म्हणाले.

मग ती म्हणाली, "काढली ना लिंक. आता काय राहिलं?"

काकांनी पाठ करून आणलेलं सगळं तिथेच गळालं.

"उघडून बघितलं नव्हतं गं मी," ते म्हणाले. "न बघताच बोललो. तेव्हाही."

पलीकडून मशीन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला. फोन तिने ठेवला नव्हता. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.