बुरुलकानच्या वर्गातली गोल टेबलं

बुरुलकानबद्दल लिहिता येणाऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी बसलो आहे. मी तिच्याच शाळेत सुतारकाम शिकवायचो. सांगताना माझा क्रम चुकतो, तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या अक-तेरेक गावच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. बुटकी, चालणं भरभर, कोटाच्या खिशात कायम वाळवलेल्या दह्याचे गोळे. वर्गात कुणी पेंगायला लागलं की त्याच्या हातावर एक ठेवायची. खारट गोळा चघळत कुणाला झोप येणार? बाकी शिस्त मात्र अशी, की तिच्या वर्गात माशीसुद्धा परवानगी काढून बसते, असं आम्ही शिक्षक म्हणायचो. विचारलं की उभं राहायचं, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, बसायचं. न विचारता बोलायचं नाही. गावातल्या आईबापांना ती याचसाठी आवडायची.

तिचा मुलगा उलान रशियात बांधकामावर गेला होता. तिथं परांचीची एक फळी सैल होती. त्यानं ती सकाळीच पाहिली होती, पण मुकादमाला सांगितलं नाही. दुपारी तो तिच्यावरूनच पडला. लंगडत घरी आला तेव्हा तिनं विचारलं, "अरे, मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, आई."

हे तिनं मला शाळेतल्या माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात येऊन सांगितलं. लाकडाच्या भुशावर उभी होती. रडली वगैरे नाही. "मास्तर," ती म्हणाली, "विचारल्यावर उत्तर द्यायला त्याला मीच शिकवलं. वर्गातही आणि घरीही."

मी रंधा मारत राहिलो.

त्याच शरदात सरकारनं नव्या पद्धतीसाठी आमची शाळा निवडली. मुलांनी गटानं बसायचं, आपापसांत वाद घालायचा, पुढं गावाचं काय होणार आणि आपण काय करायचं, याचा स्वतः विचार करायचा. बाकीच्या शिक्षकांनी ही बातमी लस टोचून घ्यावी तशी घेतली. बुरुलकान मात्र मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाली, पहिला वर्ग माझा. मुख्याध्यापक कुबानिच माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. तो म्हणाला, "वसंतातल्या नवरूजच्या सणापर्यंत बघू, एजे. पालकांची कुरकुर आली की मी बाकं परत आणणार. मला भांडणं नकोत." शिक्षिकेला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई म्हणतात.

चार मोठी गोल टेबलं आली. पाय आणि फळ्या सुट्या होत्या, त्या मी जोडल्या. बाकं शेडमध्ये नेऊन रचली. टेबलांबरोबर राजधानीतून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी समजावलं, की गोल टेबलाला वरची-खालची बाजू नसते, म्हणून सगळी मुलं सारखीच बोलतात. त्या शहरात वाढलेल्या असणार.

पहिल्या दिवशी मी एका टेबलाचा पाय आवळत वर्गातच होतो. मुलं आत आली, टेबलांकडे बघत जराशी घोटाळली आणि मग घरी बसतात तशी बसली. दारासमोरची आतली जागा, जिला आम्ही त्योर म्हणतो, ती मानाची. खिडकीजवळच्या टेबलाशी तिथं बायेल बसला, कारण तो तोक्तोमुश आजोबांचा नातू. मग उतरत्या क्रमानं बाकीचे. दाराकडच्या बाजूला, जिथं घरात चहा ओतणारी सून बसते, तिथं सिर्गा बसली. तिचा बाप दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा. बुरुलकाननं प्रश्न घातला, की नदीचं पाणी कमी होत चाललंय, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा गावानं काय करायचं? बायेल म्हणाला, वर धरण बांधायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. सिर्गा उठून रंगीत पेन्सिली वाटत होती. चारही टेबलांवर हाच प्रकार.

"आता चहा तेवढा यायचा राहिलाय," मी टेबलाखालून म्हणालो.

बुरुलकान हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जागा बदलल्या आणि बायेलला दाराकडे बसवलं. संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. तोक्तोमुश आजोबा दुकानासमोर, मशिदीसमोर, भेटेल त्याला सांगत होते, "माझ्या नातवाला उंबऱ्यापाशी बसवला. आता त्याला मेंढ्यांची खुरंसुद्धा धुवायला लावा." पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ते स्वतः शाळेत येणार असा निरोप आला. कुबानिचनं मला हळूच सांगून ठेवलं, "मास्तर, बाकांवरची धूळ पुसून ठेवा."

बुरुलकाननं पुन्हा जागा बदलल्या नाहीत. तिनं मुलांना हवं तिथं बसू दिलं, आपली खुर्ची उचलली आणि सिर्गाशेजारी दाराच्या बाजूला ठेवली.

मुलं अस्वस्थ झाली. "एजे, तिथं नका बसू," बायेल म्हणाला.

"का रे?"

"बरं दिसत नाही."

"मग काय करायचं ते तुम्ही बघा."

मुलांनी कुजबुज केली, खुर्च्या उचलल्या आणि सगळं टेबल फिरून बसलं, म्हणजे एजे बसल्या होत्या तीच बाजू त्योर झाली. उठायला लावलं नाही ते फक्त सिर्गाला, ती एजेंच्या शेजारी होती म्हणून. दुसऱ्या दिवशी एजे खिडकीकडे, की पुन्हा सगळी वरात निघाली. मग दुसरं टेबल, मग तिसरं. खुर्च्यांचा खडखडाट माझ्या कारखान्यापर्यंत यायचा. शेवटी मुलं कंटाळली आणि जो जिथं होता तिथंच बसू लागला.

त्या गडबडीत कधीतरी सिर्गा बोलली. म्हणाली, "बायेल, तुझं धरण होणार तिथं हिवाळ्यात आमचं बिऱ्हाड असतं. आम्ही कुठं जायचं?"

बायेल म्हणाला, "मग तूच सांग, कुठं बांधू?" आणि घंटा होईपर्यंत दोघं भांडत होते.

शुक्रवारी तोक्तोमुश आजोबा आले. डोक्यावर पांढरा कल्पाक, हातात काठी, मागं कुबानिच. मी दारात उभा राहिलो. सगळी मुलं उठली. आजोबा थांबले, कारण त्यांना त्योरावर नेऊन बसवायला हवं होतं. पण मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं खिडकी दाखवली, दुसऱ्यानं फळा.

"या घरात त्योर कुठंय तेच कुणाला माहीत नाही?" आजोबांनी विचारलं.

"रोज बदलतो, आजोबा," बायेल म्हणाला.

"रोज बदलतो." आजोबा बुरुलकानकडे वळले. "माझा मुलगाही तुझ्याच हाताखाली शिकला. तेव्हा तुझ्या वर्गात असला बाजार नव्हता."

"नव्हता, आजोबा. तुमचा मुलगा आता कुठं असतो?"

"रशियात. गोदामात."

"माझाही तिकडंच होता. बोलला नाही आणि पडला. तुमचा बोलतो का?"

आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फोन करतो की. बरंय म्हणतो." मग म्हणाले, "कधीही विचारा, बरंच असतं त्याचं."

सिर्गानं आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि ते बसले. ती दाराकडची बाजू होती. त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

बुरुलकाननं तास पुढं चालू केला. पुन्हा धरण, पुन्हा बिऱ्हाड. आजोबांना त्या जागेची माहिती होती. त्यांनी मध्येच काही सांगायला तोंड उघडलं, तर सिर्गा म्हणाली, "आजोबा, माझं व्हायचंय अजून."

कुबानिचनं घाईनं तिला गप्प राहायची खूण केली. आजोबा तिच्याकडे वळले.

"मग बोल," ते म्हणाले. "लवकर आटप, मलाही सांगायचंय."

तास संपल्यावर बाहेर सगळे शिक्षक जमले होते. दोन-तीन पालकही होते, आजोबांनीच बोलावलेले. कुबानिचनं विचारलं, "मग आजोबा, बाकं परत आणू?"

आजोबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. गावभर इतकं बोलून झालं होतं. आता मागं घ्यायचं तर कसं?

"बाकं कशाला?" ते म्हणाले. "मी एवढंच सांगायला आलो होतो, की त्या दाराच्या बाजूनं वारा येतो. पोरांच्या पाठी गारठतात. दाराला नमदा ठोकून घ्या."

"वारा," कुबानिच म्हणाला. "हो, हो. येतो खरा." पालकांनीही माना हलवल्या.

ते दार आतल्या बोळात उघडतं आणि बोळात शाळेची मोठी शेगडी पेटलेली असते. तिथून वारा यायला वाटच नाही. दुपारी मी चांगला जाड लोकरीचा नमदा आणि पितळी खिळे घेऊन गेलो. बुरुलकाननं नमदा ताणून धरला.

"घट्ट ठोका, मास्तर," ती म्हणाली. "आजोबा सोमवारी बघायला येणार आहेत."