नानांच्या फोनने विचारलं

मंडळी, सकाळपासून कशात मन लागत नाहीये.

धरणगावला आमच्या शेतात रेंज नसते. म्हणून नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोनवर मी एक अ‍ॅप लावून दिलं होतं. अहिराणी कीर्तनाचे नवे भाग घरच्या वायफायवर आपोआप उतरायचे आणि नाना कपाशी निंदताना ते ऐकायचे.

नाना गेले. गंधमुक्तीनंतर, म्हणजे सुतक फिटल्यावर, आज पहिल्यांदाच त्यांचा फोन सुरू केला, तर स्क्रीनवर प्रश्न आला, "बरेच दिवस तुम्ही काही ऐकलं नाही. डाउनलोड बंद करायचं का?"

आईला वाचून दाखवलं.

"नको रे भाऊ. बठ्ठं येऊ दे," आई म्हणाली, म्हणजे सगळंच.

आता ती तो फोन पिशवीत घालून एकटीच शेताकडे निघालीये.

तुमच्या घरी असं काय चालू ठेवलंय?