सात देवांचा काढा

पातेल्यात आमच्या मालकांचे देव वितळले होते, आणि मालक ते बघायला येणारा पाहुणा आणायला पूर्णा स्टेशनावर गेले होते.

देव जपानचे. नशीब उघडणारे सात जण, बोटाएवढे, जुन्या धातूचे. रेल्वेच्या पासावर गावोगावचे जुने बाजार पालथे घालून मालकांनी वीस वर्षांत सात पुरे केले. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते.

"बापानं घालवले अन् तुमी जपानचे आणायलाव?"

"देव न्हाईत गं, संग्रह हाय!"

वीस वर्षांत तो संग्रह बघायला कुणी आलं नाही. आज नांदेडहून एक मास्तर येणार, म्हणून मालकांनी पहाटेच दाढी केली. मला वाटलं, पाहुण्यापुढं काळे देव बरे दिसत नाहीत. देवघरवाल्या बाईनं हळू हातानं उजळले असते. मला सवय भांड्यांची! चिंचेच्या पाण्यात सातही गॅसवर चढवले आणि पाच मिनिटं शेजारच्या कमलकडं गेले. (पाच मिनिटं कुणाच्या घड्याळात, ते विचारू नका.)

पाणी आटलं, चिंच जळली, आणि देव निघाले शिशाचे! पातेल्यात चकचकीत थारोळं. त्यात कुणाचं पोट, कुणाची दाढी.

कमल डोकावली. "काकू, मासा धरलेला कोन होता वो?"

"आता कोनीच न्हाई."

पातेलं निवलं तेवढ्यात दोघं दारात.

"हे काय?" मालक म्हणाले.

"तुमचे देव. मीच उकळायला ठेवले."

मालक खाली बसले. मला वाटलं, ओरडतील.

मास्तर पातेल्याजवळ बसले. "सांगा की, कोनता कुठं घावला?"

मालक त्या गोळ्यावर बोट ठेवून एकेकाची हकिकत सांगायला लागले. कोणता देव कुठं संपतो ते कळत नव्हतं, तरी बोट चुकलं नाही. मास्तरांची गाडी चुकली. मी तीनदा चहा केला. (दुसऱ्या पातेल्यात.) वीस वर्षं ह्या हकिकती माझ्याच घरात होत्या, मी एकही ऐकली नव्हती.

शेवटी मास्तरांनी गोळ्यातून वर आलेला जळक्या चिंचेचा गड्डा नखानं खरवडला. आत न वितळलेलं पितळ! वीणेसारखं वाद्य घेतलेली बाई.

"सातांत बाई हीच एक," मालक म्हणाले.

सहा गडी गेले. वाचल्या दोघी: ती, आणि तिला उकळणारी मी.