तुमचाच समजा

हमीदभाई गेले. नसरीनचा फोन सकाळी आला. दुपारी मी बारामतीहून इंदापूरला पोहोचलो. त्यांना दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं, तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी बायकोला नाही, कॉलेजातल्या मित्रांना नाही. हमीदभाईंना तर नाहीच — आणि आता तो प्रश्न उरला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेलही.

त्या जिन्याला दोन वळणं आहेत. वळणावर खांदा देणाऱ्यांना थांबावं लागलं, कुणीतरी "हळू घ्या, हळू" म्हणालं. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस सहज बोलून गेला, "चार वर्षांत म्हातारा किती येळा खाली उतरला असंल? बोटावर मोजा." त्याला काय माहीत, तो कुणाशी बोलत होता?

मी बारामतीत एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. हमीदभाई बुकबाइंडर. वीस-बावीस वर्षं आमची फाटकी पुस्तकं त्यांच्या दुकानात जात आणि पाठ सरळ करून परत येत. ते दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायचे, शेजारी खळीचं भांडं. त्या बसण्यानंच त्यांचे गुडघे गेले. मला म्हणायचे, "सर, वाचायचं काम तुमचं. आमी नुसती शिवणार. पण लोकं कुठलं पान सारखं उघडत्यात ते आमालाच कळतं. तितंच पुस्तक फाटतं."

त्यांची बायको वारली. एकुलती मुलगी नसरीन इंदापूरला राहायची, लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरी, नवरा नाही, पदरी लहान मुलगी. हमीदभाईंनी ठरवलं, तिच्याजवळ जायचं. ती कामावर गेली की नातीला सांभाळायचं. इंदापुरात तिघांसाठी विकत घ्यायला तळमजल्यावरचं एक घर बघितलं. पुढच्या खोलीत बाइंडिंगचं सामान मांडता येईल, दारातून दोन पावलांवर रस्ता, गल्लीच्या तोंडाला मशीद. घरमालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. बारामतीची भाड्याची जागा सोडतो म्हणून हमीदभाई सांगूनही बसले. पैसे उभे करायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती — कन्हेरीच्या रस्त्याला चार गुंठ्यांचा एनए प्लॉट.

ते आधी माझ्याकडे आले. "परक्याला कशाला, सर? तुमीच घ्या की."

मला प्लॉट हवा होता. दुकानातल्या स्टुलावर बसून आम्ही पाव तासात भाव ठरवला असता. पण मी म्हणालो, मित्रामित्रांत भावाचं बोलणं नको, मन खट्टू होतं, मध्ये एक एजंट असलेला बरा. मी हे सौजन्यानं बोललो. त्यातलं थोडं खरंही होतं — खोटं बोलताना थोडं खरं हाताशी असलं की किती सोयीचं पडतं.

एजंट मीच आणला. विलासराव, वडगाव निंबाळकरचे. आमच्याकडे एजंटाला "तू कुणाचा?" असं विचारायची रीत नाही. तो दोन्हीकडचा चहा पितो, दोन्हीकडून आपले टक्के घेतो, आणि दोन्ही घरांत "मी तुमचाच माणूस" म्हणतो. विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. विलासराव स्वतःच हसून सांगायचे, "आपलं काम काय, सर? हिकडं बी हसायचं, तिकडं बी हसायचं." पण मला त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मी तुमच्या शब्दावर आलोय. तुमचं काम आधी." मी मान हलवली होती.

हमीदभाईंनी आयुष्यात काही विकलं नव्हतं. त्यांना ती रीत माहीत नव्हती. म्हणून त्यांनी विचारलं — विलासरावांना नाही, मला. पुस्तकाच्या पाठीवर कापडाची पट्टी चिकटवत होते, मान वर न करता म्हणाले, "सर, ह्यो विलासराव नेमका कुणाचा माणूस? त्याच्याजवळ मनातलं बोलायचं का न्हाय?"

मी म्हणालो, "तुमचाच समजा."

इथं मी दोन दिवस थांबलो होतो. पुढं लिहवेना. दोन शब्दांचं वाक्य. "तुमचाच" एवढंच म्हणालो असतो तर सरळ खोटं झालं असतं. "समजा" जोडून मी स्वतःपुरती वाट ठेवली — मी शिकलेला माणूस ना. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मग बरं."

मला ठाऊक नव्हतं का? दुसऱ्यासाठी बोलायला जो बसतो त्यानं त्याचं गुपित राखायचं असतं, हे कळायला पुस्तकं लागतात का? मी एक शब्द बोलायला हवा होता. विलासराव माझ्याकडून आहेत, त्यांच्याजवळ जपून बोला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी विलासरावांना सगळं सांगितलं. किती आले म्हणजे तळमजल्याचं घर जमतं, महिनाअखेर कशी डोक्यावर आहे, बारामतीची जागा कशी सोडून बसलोय. "सरांना यातलं सांगू नका, त्यांना संकोच वाटंल," असंही म्हणाले. हे मला कसं माहीत? विलासरावांनी तेही सांगितलं. त्याच दुपारी, माझ्या व्हरांड्यात, चहा पिता पिता.

"म्हातारं घाईला आलंय, सर. आठ दिवस फोन उचलू नका. आपोआप खाली येतंय."

मी आठ दिवस फोन उचलला नाही.

मी घरीच होतो. हमीदभाईंचं नाव फोनवर उमटायचं, मी फोन उशीखाली ठेवायचो आणि पुस्तक उघडायचो. एकदा बायकोनं विचारलं, "घेत का नाही?" मी म्हणालो, कंपनीवाल्यांचे फोन येतात. वाचलेलं काहीच लक्षात राहिलं नाही. पण मी वाचत राहिलो. पानं उलटत होतो, एवढं नक्की.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा विलासराव नवा आकडा घेऊन आले. तळमजल्याच्या घराला तो पुरणार नव्हता. हे मला माहीत होतं — घराला किती लागतात ते ऐकूनच तर मी थांबलो होतो. मी हो म्हणालो. खरेदीखताच्या दिवशी हमीदभाईंनी विचारलं, "फोन उचलत न्हवता, सर?" मी म्हणालो, गावाला गेलो होतो, फोन घरीच राहिला. सही करून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी घेतला म्हणून बरं झालं. परका असता तर अडून बसला असता." मी हसलो.

तळमजल्याचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. हमीदभाईंना शेजारच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या परवडल्या. पुस्तकं आवळून ठेवायचा बाइंडिंगचा लोखंडी दाब त्या जिन्यातून वर जाईना, तो भंगारात दिला. नात अंगणात खेळायला जायची, ते वरून हाका मारायचे. शुक्रवारी अजान ऐकू आली की गॅलरीत खुर्चीवर बसून नमाज पढायचे. माझ्या वाचलेल्या पैशांतून मी पुस्तकांसाठी सागवानी कपाटं करून घेतली.

चार वर्षांत मी तीनदा गेलो. प्रत्येक वेळी त्यांनी नसरीनला सरबत करायला लावलं. जिन्याबद्दल एकदाच बोलले, तेही हसत, "सर, आता मी वरच्या फळीवरचं पुस्तक झालो. कुणी काढंना, कुणी ठेवंना." मी काय बोललो? काहीतरी बोललो. तेव्हा सांगता आलं असतं. सरबताचा पेला हातात होता, नसरीन आत होती, आम्ही दोघंच होतो. मी बसची वेळ विचारली.

विलासरावांना दोष देता येईल. सगळेच असं करतात, असंही म्हणता येईल. पण हमीदभाईंनी विलासरावांना विचारलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, आणि माझ्या उत्तरावर ते बोलले.

माती देऊन परतल्यावर घराजवळ नसरीननं मला थांबवलं आणि सांगितलं, "अब्बा सगळ्यांना सांगायचे, चाचा, की आमचा व्यवहार सरांनी सांभाळला." मी तिच्याकडे बघितलं. तिच्या शेजारी तिची मुलगी उभी होती.

कन्हेरीचा प्लॉट माझ्या नावावर आहे. नसरीन दुसऱ्या मजल्यावर राहते आणि मला चाचा म्हणते. तिला मी सांगितलेलं नाही.