उचकवणारी बाई

"काऊन बसली व?" का बसलीस, हेच आमची शेजारीण दारात उभी राहून विचारायची, आणि आतली बाई उठेपर्यंत हलायची नाही. तुमच्याही वस्तीत अशी एखादी असेल. दार लावून तिच्यापासून सुटका होत नाही.

आमच्या घरी बाहेर जायची साडी एकच. मॅट्रिकच्या पेपरला ती मी नेसले की आई दिवसभर घरात. पास झाले तेव्हा बाबा म्हणाले, आता धानाच्या रोवणीला चल. ही दारात हजर. "पोरगी पास झाली अन् तू काऊन बसला गा?" बाबा उठले ते ब्रह्मपुरीला, कॉलेजचा फॉर्म आणायलाच. फॉर्म परवडला, ही बाई नाही, असं ते पुढे सांगायचे.

उन्हाळ्यात आम्ही सगळ्या विडीचा तेंदूपत्ता तोडायला जायचो. पानं जमा करायच्या फडीवर प्यायला पाणी नसायचं. एक दिवस ती बायकांना म्हणाली, "काऊन उभ्या व? बसा." जन्मभर लोकांना उठवणाऱ्या बाईनं त्या दिवशी साऱ्यांना बसवलं. काम बंद.

फडीच्या ठेकेदारानं जंगल ऑफिसात इंग्रजीत तक्रार केली. तिचं नाव कामावरून काटणार होते. तक्रारीचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वाचून सांगितलं, तुम्ही बायकांना 'इन्साइट' केलं, म्हणजे उचकवलं.

"बरोबर लिवलं. तुले कॉलेजात जायले नाई का उचकवलं?"

ते वेगळं, मी शिकल्यासारखी म्हणाले. चांगल्या कामाला लावलं तर 'इन्स्पायर', वाईट कामाला लावलं तर 'इन्साइट'.

"मंग पाणी मांगणं वाईट हाय?"

हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती जंगल ऑफिसात गेली. साहेबांनी विचारलं, बायकांना इन्साइट केलं का?

"नाई साहेब. इन्स्पायर केलं."

मी जमिनीकडे पाहायला लागले. साहेबांनी फरक विचारला.

"पाणी मांगणारा इन्स्पायर म्हणते. न देणारा इन्साइट."

साहेबांनी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला. तिचं नाव काटलं नाही. फडीवर पाण्याचा ड्रम आला.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या अंकात मी तिच्यावर चार ओळी इंग्रजीत दिल्या. तिनं मला 'इन्साइट' केलं, असं लिहिलं. सरांनी लाल शाईनं शब्द बदलून 'इन्स्पायर' केला. मी माझा शब्द परत लिहिला, आणि तसाच छापून आला. अंक दाखवायला ब्रह्मपुरीच्या वसतिगृहातून गावी आले तर तिच्या दाराला कुलूप होतं. आठवड्यापूर्वीच ती तापानं गेली होती. मी तिच्या पायरीवर बसले. काऊन बसली, असं कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. वस्तीतली पहिली.