मनगटावरचा मुकादम

परवा शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी हातातला नवा बँड दाखवून मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. हा डाव्या हाताला बांधू की उजव्या? कॅलरी बराबर आल्या पाहिजेत."

प्रश्न साधा होता. पण मी इतकी तडकून बोलले की त्यांनी बँड काढून पर्समध्ये ठेवला. नंतर मला वाईट वाटलं. त्यांचा काही दोष नव्हता. याच प्रश्नाचं पुस्तिकेतलं उत्तर मी एकदा पाठ केलं होतं आणि त्यापायी माझ्या मायच्या ताटातली भाकर गेली होती, हे त्यांना कुठून माहीत असणार?

मी बी.एस्सी. आहे. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी लाजत नाही. पुसेगावजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं हिंगोलीला जाऊन मी डिग्री घेतली. आता तिथेच खोली करून राहते आणि एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. घरात कसलाही कागद येवो, गोळ्यांचं पाकीट येवो, मोबाइलवर काही येवो, ते आधी माझ्याकडे येतं. मी सांगेन ते बराबर. एवढी किंमत घरात आपल्या शब्दाला असली की माणूस जरा फुगतोच. मीही फुगले होते.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मायला साखर निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, चहातली साखर बंद, भात कमी, असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. माझं तेवढ्यानं समाधान झालं नाही. मी मायला शहरातल्या एका आहार-सल्ला केंद्रात नेलं. तिथं भिंतीवर जाड्या माणसांचे बारीक झाल्यावरचे फोटो होते आणि टेबलामागं घट्ट टी-शर्ट घातलेला एक तरुण. तो डॉक्टर नव्हता. कसलासा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र मागं टांगलेलं होतं. त्यानं सांगितलं, माताजी दिवसभरात किती कॅलरी जाळतात ते बँडवरून कळतं, त्या हिशेबानं जेवण बांधून देतो. वर म्हणाला, "मशीन झूठ नहीं बोलती, मॅडम."

मला ते वाक्य फार आवडलं. मीसुद्धा वर्गात मुलांना तेच सांगते, आधी मोजा, मग बोला.

बँड घेतला. पुस्तिका मी एसटीतच वाचून काढली. ज्या हातानं कमी काम करता त्या हाताला बांधा, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कातडीला नीट टेकेल असा. घरी जाऊन मी मायला समजावलं, "कमी काम करणारा हात पुढं कर."

तिनं दोन्ही हात पुढं केले आणि बघत राहिली. "असा कोणता हात असतोय, बाई?"

मी डावा धरला. मनगटापासून वर हातभर हिरव्या बांगड्या. म्हटलं, थोड्या काढ.

"काहून? तुझा बाप चांगला हिंडून फिरून राहिला अन् मी हात मोकळा करू?"

बाप ओसरीवरून म्हणाला, "करू दे की. मी गेल्यावर कुणाला किती तकलीफ होती ते मला बी कळंल."

"तुमी गप बसा," माय म्हणाली. बांगड्या निघाल्या नाहीत. मग मी बँड त्यांच्या खाली, अगदी हाडावर बांधला. तिथं मायला लहानपणी गोंदलेली तुळस आहे, भोवती दाट ठिपके. बँडच्या पोटातला हिरवा दिवा त्या हिरव्या तुळशीवर लुकलुकायला लागला. मला तो रंग जुळलेला इतका छान वाटला की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि मला रंग दिसला.

पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर सोयाबीन खुरपायला गेले. सात-आठ बायका ओळीनं उकिडव्या बसून पुढं सरकत होत्या. मायच्या उजव्या हातात खुरपं, डाव्या हातानं ती गवत ओढून मुठीत गोळा करायची. उन्हं डोक्यावर यायला लागली तसा बँड थरथरला. माय दचकली. "चावतंय बाई हे. काय म्हणून राहिलं, बघ."

मी वाचलं आणि मला सांगवेना. शेजारची काकू म्हणाली, "सांग की. शिकलीस कशासाठी?"

"म्हणतंय, बराच वेळ बसून आहात. उठा, जरा हालचाल करा."

सगळ्या ओळीत हशा झाला. काकू म्हणाली, "घ्या. लेकीनं मायच्या मनगटावर मुकादमच बांधून आणला. आमचा मुकादम तरी बांधावर बसून वरडतोय, ह्यो तर हातावरच बसला."

मीही हसले. पण तिथंच मला कळायला हवं होतं. पहाटेपासून कंबर सरळ न केलेल्या बाईला जे यंत्र उठून हालचाल कर म्हणतं, त्याचा एकही आकडा मी पुढं नेण्याच्या लायकीचा नव्हता. मी तो नेला. मोबाइलमध्ये कामाचा प्रकार निवडायचा होता. त्यात योगा होता, पोहणं होतं, झुंबा होता, घरातल्या यंत्रावर चालणं होतं. खुरपणी नव्हती. मी "इतर" निवडलं. माझ्या मायचं सगळं आयुष्य मी माझ्या बोटानं "इतर"मध्ये टाकलं.

दोन आठवड्यांचे आकडे बघून तो टी-शर्टवाला म्हणाला, "माताजी तो दिनभर बैठे रहते हैं." त्यानं जेवण बांधून दिलं. सकाळी एक भाकर, दुपारी एक, रात्री अर्धी. शेतात तीन भाकरी बांधून नेणाऱ्या बाईला. बाहेर आल्यावर मायनं एवढंच विचारलं, "त्यानं कधी खुरपं धरलंय का गं?"

आता जे लिहायचं आहे ते मला लिहायला आवडत नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलीस का, असं विचारत नव्हते. विचारायचे, किती खाल्ल्या? एकदा बापाच्या तोंडून निघून गेलं की दुपारी तिनं काकूच्या फडक्यातली अर्धी भाकर खाल्ली. मी फोनवर मायला झापलं. "आकड्यात बसत नाही ती अर्धी. मी एवढं करून राहिले आणि तू चोरून खातीस?"

ती म्हणाली, "न्हाई खाणार." वर्गात चूक झालेली पोरगी बोलते तसा आवाज होता तो.

त्यानंतर आठच दिवसांनी, मी सातवीच्या वर्गावर असताना, बापाचा फोन आला. माय खुरपता खुरपता बाजूला कलंडली होती. अंगाला दरदरून घाम, हातांना कापरं, जीभ जड. काकूनं वेळेवर गुळाचा खडा तिच्या तोंडात सारला म्हणून बरं. दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेवर बसली होती आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "गोळी घेता, दिवसभर राबता आणि खाणं तोडता? मग साखर उतरणारच. कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

मायनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "मलाच भूक नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी तिला मग नीट विचारलं, कधी उठता, कधी शेतात जाता, किती वेळ काम असतं. लिहून घेतलं आणि सांगितलं, पोटभर न्याहारी केल्याशिवाय शेतात जायचं नाही, दुपारची भाकर पूर्वीसारखी, गोळी जेवणाबरोबर. हेच प्रश्न कुणीतरी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. त्या केंद्रानं विचारले नाहीत. मी तिची लेक, मीही विचारले नाहीत, कारण मला वाटत होतं की बँड सांगतोयच की.

नागपंचमीच्या आधी, मी घरी असताना, गावात मन्यारीण चाची आली, दरवर्षी येते तशी. तिनं माझ्या आजीला बांगड्या भरल्या, मायला भरल्या, मलाही भरल्या आहेत. मायचा डावा हात मांडीवर घेऊन ती हाडं दाबायला लागली आणि तिला बँड दिसला. माझ्या भीतीनं माय तो अजून बांधतच होती.

"ये पट्टा हड्डी पे काहून बांधी?" चाची म्हणाली.

"लेकीनं बांधलाय. अंगातली ताकद मोजतोय म्हणं."

"हड्डी क्या बतायेगी, बेटा?" हे मला होतं. तिनं मायच्या हातावरून अंगठा फिरवला, गोंदण ओलांडून वर, बांगड्यांच्याही वर, कोपराखाली जिथं मांस भरतं तिथं थांबली. "नाडी का खून इधर है. ये गोंदन के नीचे तेरे पट्ट्याच्या दिव्याला दिसतंय तरी का?" तिनं बांगड्या खाली सारल्या आणि बँड तिथं वर नेऊन आवळला. खालून एक बोट जाईल इतकी जागा ठेवली. पुस्तिकेत इंग्रजीत जे छापलं होतं तेच ती बोटांनी सांगत होती. बांगड्या असलेला, गोंदलेला हात मात्र पुस्तिकेला माहीत नव्हता, आणि चाचीनं उभा जन्म असेच हात बघितले होते.

मी मोबाइल उघडला. नाडीचे आकडे सलग यायला लागले होते. मग मी मागचे दिवस उघडून बघितले, जे आधीच बघायला हवे होते. तासन्‌तास नाडीच्या जागी नुसती आडवी रेघ. बँडचा दिवा कातडीतून नाडी बघतो, आणि गोंदणाच्या शाईतून त्याला काही दिसत नव्हतं. मायचं वय, उंची आणि वजन मीच भरलेलं होतं, त्यावरून एक बसून असलेली बाई गृहीत धरून बँडनं कॅलरी लिहिल्या होत्या. त्याच्या लेखी तिथं हातच नव्हता.

मी मायला घेऊन त्या केंद्रात गेले. टी-शर्टवाल्यानं नवे आकडे बघितले आणि हसून म्हणाला, "अरे वा. माताजी ॲक्टिव्ह हो गए. अब एक रोटी बढ़ा सकते हैं."

मी म्हटलं, "ती ॲक्टिव्ह झाली नाही. ती होतीच. पट्टा वीतभर वर सरकला."

"तो पहले ठीक से पहनना था ना, मॅडम."

"तुम्ही तिला एकदा तरी विचारलं का, दिवसभर काय करता म्हणून?"

"हम डेटा पे काम करते हैं."

मायनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. खुरप्याच्या दांड्यानं पडलेले घट्टे, सोयाबीनच्या पानांनी काळवंडलेली बोटं. म्हणाली, "ह्ये वाचता येतंय का बघा, साहेब." त्यानं मोबाइलकडे बघितलं. आम्ही उठलो.

बँडची गंमत पुढंही चालली. नीट बांधल्यावर तो भाकरी थापतानाचे तिचे हात पावलं म्हणून मोजायला लागला. चुलीपुढं बसल्या बसल्या तिची एवढी चाल झाली की ती म्हणाली, "थापता थापता औंढ्याला जाऊन दर्शन घेऊन आले म्हण की." मग तिनं तो काढून बापाच्या हाताला बांधला. "ह्यांना सांगू दे उठा म्हणून. हितं त्याची गरज हाय." बाप पारावर बसलेला असतो आणि बँड थरथरतो. बाप त्याला शिव्या देतो, पण उठतो.

एवढं सगळं स्टाफरूममधल्या बाईंना सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांना इतकंच सांगितलं, हाडावर नको, वर बांधा, घट्ट बांधा, आणि आकडा आला तरी भूक लागली तर जेवा.

मागच्या शनिवारी मी गावी होते. मायची साखर आता ठीक असते. सकाळी तिनं भाकरी केल्या, फडकं पसरलं, तीन भाकरी ठेवल्या, वर ठेचा, कांदा. गाठ मारायच्या आधी तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी काही बोलणार आहे का, ते बघत होती. मी नाही बोलले. मग तिनं गाठ मारली.

वर्ष होत आलं, अजून ती बघते. त्या टी-शर्टवाल्यावर माझा राग आहेच. पण स्वतःच्या कष्टाची, स्वतःच्या हातानं केलेली भाकर शेतात नेताना माझी माय माझ्याकडे परवानगीसाठी बघते, तेव्हा जो राग येतो तो घेऊन कुठल्या केंद्रात जायचं, ते मला अजून कळलेलं नाही.