शेवंताआत्या आणि माझ्या कॉलेजचे उरलेले पैसे

शेवंताआत्या कुणाकडेही गेली, की पायांतल्या चपला पिशवीत घालून आत आणायची आणि ती पिशवी मांडीशी धरून बसायची. आमच्या घरीसुद्धा, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाच्या घरी. आई म्हणायची, अक्का, इथं कोण नेणार तुमच्या चपला? आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. "नेणारा काय सांगून येतो?"

अंबरनाथला एका औषध कंपनीत ती पॅकिंगला होती. बाटली उजेडात धरायची आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं, हे तिचं काम. माणसांकडेही ती तशीच बघायची. लवकर विधवा झाली, सासरच्यांनी फसवलं, म्हणून अशी झाली, असं नातेवाईक सांगत. मला नाही पटत. ही बाई पाळण्यातसुद्धा दूध हुंगूनच प्यायली असणार.

तिला मूलबाळ नव्हतं. मी शाळेत असल्यापासून ती माझ्या कॉलेजसाठी दर पगाराला बाजूला टाकत आली. पुढं उल्हासनगरला बी.एस्सी.ला मला फीमाफी मिळाली आणि निम्म्याहून जास्त पैसे तसेच उरले. झालं! बदलापुरात, कुळगावच्या आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषयच राहिला नाही. मला रक्त तपासायचा, लॅबचा कोर्स करायचा होता. तो मुंबईला, आणि त्याची फी काही माफ होणार नव्हती. बाबांना माझं लग्न उरकायचं होतं. आईला दोघांचंही पटायचं, म्हणून ती गप्प.

बाबा त्या दिवसांत आत्याशी फार गोड वागायला लागले. तिला स्टेशनवर सोडायला काय जायचे, तिच्यासाठी मासळी काय आणायचे! आत्या मासळी खायची आणि मला हळूच म्हणायची, "बाळू एवढा प्रेमळ कधीपासून झाला गं?" मग एका रविवारी तिनं मला मोरीपाशी बोलावलं आणि कानात सांगितलं, की पैसे पोस्टात टाकलेत, तुझ्या नावावर, कुणाला बोलायचं नाही. मी नाही बोलले. पण त्याच दिवशी आईसुद्धा काहीतरी पोटात ठेवल्यासारखी वागत होती आणि बाबा उगाच शीळ घालत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या महिन्यात मला बघायला उल्हासनगरहून मंडळी आली. मुलगा खाली मान घालून बसला होता, बोलत होते ते त्याचे मामा. पोहे खाऊन झाले, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. मामांनी कप उचलला आणि सहज विचारल्यासारखं बाबांना विचारलं, "ती सोनिवलीची जागा मुलीच्याच नावावर आहे ना? तिकडे पाण्याची लाईन आली का?"

मला काही कळेना. कसली जागा? आईच्या तोंडून निघून गेलं, "जागा कुठली? पाटल्या केल्यात ना अक्कांनी?"

आत्यानं बशी खाली ठेवली. "पाटल्या तुला सांगितल्या होत्या. सोनिवलीची जागा मी फक्त एकट्या बाळूला सांगितली होती."

बाबांचा चेहरा पडला. मला न विचारता त्यांनी या लोकांना माझे पैसे कबूल करून टाकले होते. मला त्यांचा इतका राग आला, की ट्रे तिथंच जमिनीवर ठेवून मी आत निघून गेले. पाहुण्यांनी घाईघाईनं जय भीम केला आणि चहा अर्धवट टाकून उठले. ते गेल्यावर बाबा बारीक आवाजात म्हणाले, की लोक तोंडानं मागत नाहीत, पण रिकाम्या हातानं पोरगी कशी द्यायची? आत्या ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, की पैसे कॉलेजचे होते, उरले म्हणून लग्नाचे होत नाहीत.

संध्याकाळी मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, उद्या पोस्टातून काढू या का, कोर्सचा फॉर्म भरायला?

"पोस्टात काही नाही."

मी थांबलेच. "मलापण खोटं सांगितलंस?"

"तुलाच तर खोटं सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "बापानं डोळ्यांत पाणी आणलं असतं, की तूच आली असतीस माझ्याकडं. आत्या, देऊन टाक म्हणत."

मला चिडायचं होतं, भांडायचं होतं तिच्याशी. पण ती खोटं बोलत नव्हती. मी गेलेच असते. मी रस्त्यातच रडायला लागले आणि ती पिशवी धरून शेजारी उभी राहिली.

फी भरायला ती स्वतः मुंबईला आली. पैसे कुठून काढून आणले ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबा वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. कोर्स झाला, बदलापूरलाच एका लॅबमध्ये मला नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी अंबरनाथला गेले, तर तिनं एक पेढा फोडून वास घेतला, खाल्ला, आणि पैशांचं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. कोर्सची फी भरूनही थोडे उरले होते.

"यांचं काय करू?" मी विचारलं.

"तुझं तू बघ."

मला वाटलं, आठवड्याभरात विचारेल. कुठं ठेवलेस, कुणाला दिलेस, पावती दाखव. दरवेळी मी उत्तर तयार ठेवून जायचे. पुढं ती आजारी पडली, गेली, पण तिनं एकदाही विचारलं नाही.